धपाट्यांचा डबा आणि माझा डावा डोळा

"आता या डोळ्यात नुसते थेंब घालून भागणार नाही," डॉक्टर बागची म्हणाल्या आणि त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. लिंबल स्टेम सेल डेफिशियन्सी. माझ्या नवऱ्याने, अविनाशने, ते लगेच फोनवर टिपून घेतलं. मला नावाशी काही देणंघेणं नव्हतं. या डोळ्याने परत दिसणार की नाही, एवढंच मला हवं होतं.

मी तसं विचारलं. "दिसावं म्हणूनच तर आपण इथे बसलोय," असं म्हणून बाईंनी समोरच्या पॅडवर एक वर्तुळ काढलं.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. बुबुळावर एक पारदर्शक पडदा असतो, कॉर्निया. त्याची वरची साल सतत झिजते आणि सतत नवी येते. ही नवी साल तयार करणाऱ्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल्स, डोळ्याच्या काळ्या-पांढऱ्या भागाच्या सीमेवर राहतात. त्या काठाला लिंबस म्हणतात. माझ्या डाव्या डोळ्याचा तो काठच जळून गेला होता. बांध फुटला की शेजारचं तण शेतात शिरतं, तशी पांढऱ्या भागावरची त्वचा रक्तवाहिन्यांसकट बुबुळावर सरकत आली होती. म्हणून मला त्या डोळ्याने धुक्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

जळला कशाने, तर चुन्याने. इथे कोलकात्यात, गरियाहाटच्या बाजारात एक छान कोहळा मिळाला म्हणून मी पेठा करायला घेतला होता. कोहळ्याच्या फोडी आधी चुन्याच्या पाण्यात ठेवायच्या असतात. पानवाल्याकडून आणलेली चुन्याची पुडी काही केल्या उघडेना. मी ती जोरात दाबली आणि ती फुटली थेट डोळ्यात. बँकेत लोकांना मी दिवसभर सांगत असते, कागद नीट वाचा, घाई करू नका. स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र एक कात्री शोधायचा कंटाळा केला.

हे वाचणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चुना डोळ्यात गेला तर आधी पाणी, मग बाकी सगळं. नळाखाली डोळा उघडा धरून धूत राहायचं, कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही, आणि मग तडक दवाखाना गाठायचा. तूप, दूध, गुलाबपाणी काहीही घालायचं नाही. अविनाशने माझं डोकं बेसिनमध्ये दाबून धरलं होतं आणि मी त्याला शिव्या घालत होते. त्या धुण्यामुळेच डोळ्याचा आतला भाग वाचला, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्या शिव्या मी मागे घेतल्या.

जळलेल्या डोळ्याची आग शांत होण्यात कित्येक महिने गेले. तेवढ्यात मला एका डोळ्याच्या जगाची सवय झाली, म्हणजे झाली असं मी सगळ्यांना सांगायचे. प्रत्यक्षात चहा कपाच्या बाहेर पडायचा. बालीगंज स्टेशनच्या जिन्यावर शेवटची पायरी आहे की नाही ते पायाने चाचपावं लागायचं. शाखेत सह्या जुळवताना उजवा डोळा दुखायला लागायचा आणि मग रात्री नको ते मनात यायचं. हाही गेला तर?

म्हणून उपाय ऐकला तेव्हा माझा हात आधी उजव्या डोळ्यावर गेला. उजव्या, चांगल्या डोळ्याच्या काठाचा एक कण कापून घ्यायचा होता. अगदी तिळाएवढा. तो विमानाने दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत जाणार. तिथे त्यातल्या पेशी वाढवून त्यांचा एक पातळ थर तयार करणार आणि तो जिवंत थर परत कोलकात्याला येऊन माझ्या डाव्या डोळ्यावर बसणार. प्रयोगशाळेशिवाय करायची एक सोपी पद्धतही आहे आणि पुष्कळांना तीच पुरते. माझ्या डोळ्याची अवस्था पाहून बाईंनी ही निवडली. तुमचे डॉक्टर दुसरं काही सुचवतील तर माझा लेख दाखवून त्यांच्याशी भांडू नका.

"उजव्या डोळ्याला काही होणार नाही ना?" मी विचारलं.

"एकदा घेतल्याने होत नाही," त्या म्हणाल्या. "पण त्या डोळ्याकडे पुन्हा पुन्हा मागायला जाणं मला आवडत नाही. म्हणून हा कण नीट पोचला पाहिजे."

हे शेवटचं वाक्य माझ्या सासूबाईंनीही ऐकलं होतं. त्या शेजारच्याच खुर्चीवर होत्या. फक्त बाई इंग्रजीत बोलत होत्या आणि सासूबाईंना मराठी सोडून कुठलीच भाषा पुरती येत नाही. पुढचं सगळं त्यातून घडलं.

सासूबाईंना मी आई म्हणते. त्या कराडच्या. माझी बदली कोलकात्याला झाल्यावर "चार दिवस येते" म्हणून आल्या आणि राहिल्या. त्यांचा एकच धर्म आहे, घरातून निघालेलं माणूस उपाशी जाता कामा नये. आमच्याकडे पाण्याची बाटली पोचवायला येणारा माणूसही लाडू तोंडात टाकूनच जिना उतरतो. इथल्या मराठी मंडळाचे लोक पुण्याला निघाले की आधी आमच्या घरी येतात. भेटायला म्हणून येतात, पण खरं तर शिदोरी न्यायला येतात.

कण काढायचा दिवस आला. बायपासवरच्या त्या रुग्णालयात मला सकाळीच आत घेतलं. डोळा बधिर करून ते काम पटकन झालं, दुखलं काहीच नाही. उजव्या डोळ्यावर पट्टी बसली आणि डाव्याने दिसत नव्हतंच, त्यामुळे त्या दिवशी मी ठार आंधळी होते. बाहेर काय चाललंय ते मला दिसणं शक्य नव्हतं. नंतर अविनाशने सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

प्रयोगशाळेकडून पद्माजी नावाच्या बाई आल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, शांत, केसांत अबोलीचा गजरा. असल्या जिवंत पेशी पोचवायचं त्यांचं कामच होतं. त्यांच्याकडे एक जाड भिंतींची पेटी होती, तिच्यावर निळं कापडी आवरण. पेटीत पेशींच्या खाद्यात कण बुडवून ठेवलेली कुपी, भोवती ठरावीक तापमान धरून ठेवणाऱ्या पिशव्या, आणि झाकणावर तापमान दाखवणारं छोटं यंत्र. पेटी आपटायची नाही, कलती करायची नाही, विमानतळावर एक्स-रेच्या पट्ट्यावर टाकायची नाही. गरम होऊ द्यायची नाही आणि बर्फातही ठेवायची नाही, कारण पेशी उष्णतेने मरतात तशा गोठूनही मरतात. हे सगळं त्यांनी अविनाशला हिंदीत सांगितलं. अविनाशने मान डोलावली. आईंनीही डोलावली.

मग आईंनी त्यांच्या हिंदीत विचारलं, "खाना खाया क्या?"

"विमानात बघेन," अशा अर्थाचं पद्माजी बोलल्या आणि बाजूच्या खिडकीपाशी कागदांवर सह्या करायला उभ्या राहिल्या. पेटी हाताच्या अंतरावर, खुर्चीत होती. त्यांचं अर्धं लक्ष पेटीवरच होतं. पण पेटीशेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईबद्दल कोण संशय घेणार?

आईंनी घरून निघताना धपाटे केले होते. तव्यावरून काढले, तसेच वाफाळते फॉइलमध्ये गुंडाळले आणि स्टीलच्या डब्यात कोंबून वर नॅपकिन बांधला. पद्माजी हातात घ्यायला लाजतील, म्हणून त्यांनी तो डबा गुपचूप निळ्या आवरणात सरकवला. पेटीला अगदी चिकटून. कलंडू नये म्हणून आवरणाचा बंदही घट्ट ओढला. पेटी सरळ ठेवायची, एवढं त्यांनी बरोबर ऐकलं होतं.

विमानतळावर सुरक्षा तपासणीत पद्माजींनी कागद दाखवले आणि पेटी हाताने तपासायची विनंती केली. अधिकाऱ्याने आवरण सोडलं. आतून डबा निघाला. डब्यातून मेथी-लसणाचा वास निघाला. अधिकाऱ्याने विचारलं, हे पण जिवंत आहे का? पद्माजींची नजर झाकणावरच्या यंत्रावर गेली होती. आकडा मर्यादेच्या वर होता आणि लाल दिवा लुकलुकत होता.

त्यांनी डबा बाजूला काढला, प्रयोगशाळेला फोन केला, मग डॉक्टर बागचींना. विमान गाठून पेटी नेली मात्र त्यांनीच, मांडीवर धरून.

डॉक्टर बागचींनी आम्हाला संध्याकाळी बोलावलं. माझ्या दोन्ही डोळ्यांपुढे अंधार, त्यामुळे त्यांचा आवाजच मला ऐकू येत होता. आवाज चढलेला नव्हता.

"पेटीला बाहेरची उष्णता सोसते," त्या म्हणाल्या. "पण गरम भांडं तासभर तिच्या अंगाला लावून ठेवणं तिच्या हिशोबात नव्हतं. पेशी कदाचित वाढतील. कदाचित वाढणार नाहीत. प्रयोगशाळा प्रयत्न करतेय."

"आणि नाही वाढल्या तर?" अविनाशने विचारलं.

"तर उजव्या डोळ्याकडे पुन्हा जावं लागेल. तो निर्णय मी सहजासहजी घेणार नाही. आधी थांबू या. चिंता कोरबेन ना."

चिंता करू नका, असं त्या बंगालीत म्हणाल्या. मला ते तेव्हा अजिबात जमलं नाही.

मी भयंकर चिडले होते. खोटं कशाला बोलू? पट्टीआड डोळा चुरचुरत होता आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माझ्या एकुलत्या एका धडक्या डोळ्यातून काढलेला कण धपाट्यांच्या वाफेवर शिजला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं तरी कोणाला? अविनाश मध्ये पडला, "तिने मुद्दाम केलं नाही गं." मी म्हणाले, "मुद्दाम केलं असतं तर पोलिसांत तरी जाता आलं असतं."

हे आईंनी ऐकलं. घर लहान आहे. त्या आत आल्या, माझ्या पलंगापाशी उभ्या राहिल्या. मला त्यांच्या बांगड्या ऐकू आल्या.

"वैशाली, माझा डोळा चालत असेल तर त्यातला घ्यायला सांग त्या डॉक्टरणीला," त्या म्हणाल्या. "आज घ्यायला सांग. नाहीतरी मला आता बघायचं काय राहिलंय."

मला रडू फुटलं. डोळ्यावर पट्टी असताना रडणं हा मोठा त्रासाचा प्रकार आहे, टाळता आला तर टाळा. मी त्यांना सांगितलं की दुसऱ्याच्या पेशी शरीर सहज स्वीकारत नाही, आपल्याच लागतात. त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. त्या निघून गेल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी धपाटे, लाडू सगळंच करणं बंद केलं. पाण्याची बाटली घेऊन येणारा माणूस दोनदा दारात रेंगाळला आणि तसाच गेला.

असल्या आजारात कापाकापीपेक्षा वाट पाहणं जड जातं. पट्टी निघाली, उजवा डोळा पूर्वीसारखा दिसू लागला, मी बँकेत जाऊ लागले. पण फोन वाजला की जीव टांगणीला लागायचा. प्रयोगशाळेचे लोक अधूनमधून डॉक्टरांना कळवत होते. पहिला निरोप आला, "अजून हालचाल नाही." दुसरा आला, "कडेने काही दिसतंय, खात्री नाही." या काळात आई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. मीही त्यापुढे गेले नाही.

तिसऱ्या निरोपाच्या वेळी मी शाखेत होते. या वेळी बाईंनी एक फोटोच पाठवला. सूक्ष्मदर्शकाखालचा. नीट भिजलेला साबुदाणा कसा एकमेकाला लागून बसतो, तशा पेशी बशीभर पसरल्या होत्या. कुठे फट नाही. खाली त्यांनी लिहिलं होतं, "तुमच्या पेशी चिवट आहेत."

माझा जीव भांड्यात पडला. समोर मुदतठेवीचे एक गृहस्थ बसले होते, त्यांना मी तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा सरळ करून "बा, खूब शुंदोर" म्हटलं आणि पावती मागितली. मग मी घरी फोन केला. अविनाश मीटिंगमध्ये होता, फोन आईंनी उचलला. मी म्हणाले, "आई, वाढल्या." मग त्या म्हणाल्या, "बरं. जेवलीस का?"

आता आला परतीचा प्रवास. जाताना नुसता एक कण होता, येताना तयार थर येणार होता आणि त्याला फार वेळ बाहेर ठेवून चालत नाही. तो थर ज्या पडद्यावर वाढवतात, ती पोटातल्या बाळाभोवतीची पातळ पिशवी असते, अ‍ॅम्निऑटिक मेम्ब्रेन. बाळंतपणानंतर आया ती दान करतात. म्हणजे माझ्या पेशी कुठल्यातरी अनोळखी बाईच्या बाळाच्या दुपट्यावर वाढल्या होत्या. हे मी आईंना सांगितलं. त्यांनी त्या अनोळखी बाळाला दृष्ट लागू नये म्हणून हात जोडले.

शस्त्रक्रियेच्या सकाळी रुग्णालयाच्या तळमजल्यावर एक नवी पाटी दिसली. बंगाली, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलं होतं, नमुन्याच्या पेटीजवळ खाद्यपदार्थ आणू नयेत. डॉक्टर बागची माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मराठीतही लावणार होतो. मग म्हटलं, तुम्ही भाषांतर करालच." मी केलं. आईंनी पाटीकडे पाहिलं नाही.

मला चाकांच्या खुर्चीतून नेत असतानाच पद्माजी आल्या. पेटी छातीशी, चाल एकसारखी, आजही अबोलीचा गजरा. आई दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या होत्या, दोन्ही हात मागे बांधून. चोरीचा आळ आलेलं पोर उभं राहतं तशा. पद्माजींनी त्यांना पाहिलं. लिफ्टपाशी थांबून त्यांनी पेटीचं झाकण त्यांच्या दिशेने जरासं वळवलं. हिरवा दिवा होता. आईंनी लांबूनच मान हलवली.

शस्त्रक्रिया नीट झाली. डाव्या बुबुळावर चढलेली त्वचा बाईंनी सोलून काढली आणि तिथे तो थर बसवला. त्यांनी बाहेर येऊन "थर उत्तम अवस्थेत पोचला होता" असं सांगितल्यावर अविनाशने तेही फोनवर टिपून घेतलं.

थोड्या वेळाने पद्माजी रिकामी पेटी घेऊन खाली आल्या आणि थेट आईंपाशी गेल्या. "माताजी, अब पेटी खाली है," त्या म्हणाल्या. "और मैं सुबह से भूखी हूँ."

आईंनी डबा आणलाच नसेल, असं अविनाशला वाटलं. तो कॅन्टीनकडे निघाला. आईंनी त्याला थांबवलं आणि त्या स्वतः गेटकडे गेल्या. तिथल्या पहारेकऱ्याकडे, रुग्णालयाच्या हद्दीबाहेर, त्यांनी सकाळीच डबा ठेवून दिला होता. "माशीमा म्हणाल्या, बोलावल्याशिवाय आत आणायचा नाही," आईंना बंगालीत मावशी म्हणत तो पहारेकरी सांगत होता. त्याचं तोंड तेलकट होतं. चारपाच धपाटे तरी उरले होते. पद्माजींनी ते गेटपाशीच उभ्याने खाल्ले.

मला सांगायचंय ते एवढंच, की माझा डोळा या सगळ्यांच्या हातून आला आहे. बाईंच्या, प्रयोगशाळेतल्या मी कधी न पाहिलेल्या लोकांच्या, पेटी मांडीवर धरून बसणाऱ्या पद्माजींच्या, आणि जिची पिशवी माझ्या कामी आली त्या आईच्या. तुमच्यावर अशी वेळ आली तर घाबरू नका. पेशी आपल्याला वाटतात तेवढ्या नाजूक नसतात. पण पेटीच्या जवळ कोणाला जाऊ देऊ नका, विशेषतः प्रेमळ माणसांना. आणि घरातल्या प्रत्येकाला त्याच्या भाषेत सगळं सांगा, मान डोलावली म्हणजे कळलं असं धरून चालू नका.

त्यानंतर काही आठवड्यांनी तपासणी होती. रोज थेंब घालून कंटाळा आला होता. डोळ्यावर डाग अजून आहे आणि तो पूर्ण जाईल असं बाई म्हणत नाहीत. त्यांनी दिवे कमी केले, माझा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि विचारलं, "काय दिसतंय?"

आधी उजेड दिसला. मग खोलीचं दार, दाराचा निळा रंग. तक्त्यावरची वरची मोठी अक्षरं. बाईंच्या कपाळावरची टिकली. मी एकेक सांगत होते आणि बाई "हूं, हूं" म्हणत होत्या. मग मी खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात पाहिलं. सगळ्यांत लांब, भिंतीला टेकून, आई उभ्या होत्या. चेहरा मला नीट दिसत नव्हता. पण हात मागे बांधलेले स्पष्ट दिसत होते.

"आई," मी म्हणाले, "हात पुढे घ्या. आणि इकडे या."

"येऊ?" त्यांनी मला नाही, डॉक्टरांना विचारलं.

बाईंना मराठी येत नाही. पण त्या म्हणाल्या, "आशून, माशीमा."

आई आल्या. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. हातांना लसणाचा वास येत होता.